मधे खेळवून बघावा

क्लबात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. माळ्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे तिला मशीनबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. माणसाला मशीन म्हणणं हा अपमान आहे असं तिची लेक म्हणे; पण लेकीनं कधी एका दुपारात साठ पानं टाइप केली होती? तीही एका अक्षराची चूक न करता? मग तिनं गप्प बसावं.

तिची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होती, त्यामुळे छत उतरतं. दार बुटकं. नवा माणूस आला की चौकटीवर डोकं आपटायचा, आणि मशीनबाई मान वर न करता म्हणायची, "डोकं सांभाळा." हे ती नेहमी आपटून झाल्यावरच म्हणे. तिच्या टेबलासमोर भिंतीत एक आडवी खिडकी होती, अगदी जमिनीलगत. तिच्यातून मैदान दिसे, पण गवताच्या उंचीवरून. लांबचे खेळाडू ठिपक्यांएवढे आणि जवळचे म्हणजे नुसते पाय. एकतीस वर्षं फुटबॉल क्लबात काढून तिनं फुटबॉल पाहिला असेल तो गुडघ्यापर्यंत.

तिचं काम एकच. क्लबाचा एक पारखी होता. गावोगावच्या मैदानांच्या कडेला छत्री घेऊन बसायचा आणि पोरांचा खेळ बघायचा. पूर्वी तो चिठ्ठीवर लिहून पाठवी, आता फोनमध्ये बोलून पाठवतो. ते बोलणं मशीनबाई कानाला लावून ऐके. पायाखाली एक पट्टी होती, ती दाबली की आवाज चालू, सोडली की बंद. ऐकायचं आणि प्रत्येक पोराचा एक तक्ता करायचा. वर कोपऱ्यात फोटो. खाली रकाने: उंची, वजन, वेग, समज, स्वभाव, शेवटी शिफारस. हे पान निवड समितीपुढे जाई. समितीतल्या माणसांना तीनशे पोरं बघायला वेळ कुठला? ते पान बघत, आणि कोणाला बोलवायचं, कोणाला कुठे उभं करायचं ते ठरवून मोकळे होत. शितावरून भाताची परीक्षा, आणि तीही शीत न चाखता.

आता तीनशे तक्ते म्हणजे तीनशे वेळा तेच तेच. अकरा वर्षांपूर्वी मशीनबाईनं संगणकाला दोन युक्त्या शिकवल्या होत्या. आकड्यांच्या ओळीतली सातची कळ एका खास बटणासोबत दाबली की आपोआप उमटे: *वेग उत्तम. शरीर काटक. दमसास भरपूर. खेळाची समज बेताची, पण सांगितलेलं करतो. विंगवर उपयोगी.* आणि आठची दाबली की: *खेळ वाचतो. डोकं शांत. पास अचूक. मधल्या फळीत खेळवून बघावा.* सात नंबरचा सदरा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेनं, पळणाऱ्याचा आणि आठ नंबरचा मधल्याचा, म्हणून सात आणि आठ. लक्षात ठेवायला सोपं.

आणि कुठली कळ कधी दाबायची, तेही सोपं होतं. फोटो बघायचा.

शहराच्या खालच्या अंगाला जुनी गोदी आहे. तिथे जहाजं उतरवायला कधी काळी लांबून माणसं आणली होती, काळ्या रंगाची. गोदी बंद पडून जमाना झाला, त्यांची नातवंडं-पतवंडं मात्र तिथेच राहिली, आणि नावही राहिलं. काळा माणूस दिसला की तो गोदीवाला, मग तो शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर का असेना. आणि गोदीवाल्यांबद्दल शहरातल्या उजळ लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की ते पळतात छान. पारखीही बहुतेक वेळा तेच बोलायचा. मग काळा फोटो दिसला की सात, उजळ दिसला की आठ, आणि उजळ असून अगदीच धांदरट दिसत असेल तर मात्र पूर्ण ऐकायचं. बाकी वेळी वय-वजन-उंची ऐकून झाली की ती चहा घेई आणि पारख्याला कानात बोलू देई.

यात आपण काही वावगं करतो असं तिच्या मनातही आलं नव्हतं. येणार कसं? तिचा नवराच गोदीवाला होता.

ती उजळ, शहरातली. लग्न ठरलं तेव्हा आईनं दोन वर्षं तोंड बघितलं नव्हतं. मावशीनं विचारलं होतं, मुलं कशी होतील याचा विचार केलास का? केला होता. लेक बापाच्या रंगाची झाली आणि शाळेत तिला कुणी काही बोललं की मशीनबाई पदर खोचून मुख्याध्यापकांच्या खोलीत उभी राही. इतकं सगळं केलेल्या बाईनं स्वतःला निर्मळ समजू नये तर कुणी समजावं?

नवऱ्याच्या पहिल्या भेटीची गोष्ट ती दर चार माणसांत सांगे. नोकरीचा दुसरा आठवडा. पारख्यानं त्याच्याबद्दल पाठवलेल्या चिठ्ठीवरचा फोटो निघून पडला होता, म्हणून तो दुसरा फोटो घेऊन आला, आणि दारात डोकं आपटलं. ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, "डोकं सांभाळा." मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "कुठे खेळता?"

"मधे," तो कपाळ चोळत म्हणाला.

"मधे सगळ्यांनाच हवं असतं," ती म्हणाली, आणि तो हसला. चार वर्षांनी लग्न झालं. लेकीला ही गोष्ट तोंडपाठ होती. ऐकणारे हसत आणि नवराही हसे.

तो विंगवर खेळला, नऊ मोसम. लोक त्याला वारा म्हणत. कडेच्या रेषेवरून वर पळायचं, खाली पळायचं, पुन्हा वर. दोनदा त्यानं प्रशिक्षकाकडे शब्द टाकला होता, मला मधे खेळवून बघा. दोन्ही वेळा उत्तर आलं, "तुझ्या कागदावर विंग आहे." एकोणतिसाव्या वर्षी गुडघे संपले. आता बाजारातल्या एका बोळात त्याचं किल्ल्यांचं दुकान होतं. कुलूप कानाशी धरून, तार फिरवून, आत काय अडलंय ते तो ओळखायचा. गिऱ्हाईक म्हणे, पायाचा माणूस डोक्याचा झाला की हो. तो म्हणे, "डोकं तेव्हाही होतं."

आणि त्या कागदाचा राग त्यानं एका माणसावर काढला होता, पारख्यावर. "माझे गुडघे त्या म्हाताऱ्यानं खाल्ले." पारखी समोरून आला की हा रस्ता ओलांडी, दुखऱ्या पायांनी, गाड्यांमधून. मशीनबाई त्याच्या बाजूनं होती. क्लबात ती पारख्याला काका म्हणे, चहा देई. घरी मात्र नवऱ्याबरोबर त्याच्या नावानं बोटं मोडी. संसारात एवढं करावं लागतं.

आता झालं असं की त्या सोमवारी तिच्या बोटाला पट्टी होती. इस्त्रीनं भाजलं होतं. पट्टीचं बोट जाड, आणि सात-आठ शेजारी शेजारी. तेविसाव्या नंबरचा पोरगा गोदीवाला होता. फोटोत कान मोठे, नजर सरळ. पान निघालं, गठ्ठ्यात गेलं, गठ्ठा समितीत गेला. तिनं बघितलंही नाही. ती कधीच बघत नसे, चूक होतच नव्हती ना.

बुधवारी चाचणीचे सामने झाले. संध्याकाळी निवडप्रमुख साहेब स्वतः तिच्या खोलीत आले आणि डोकं आपटलं.

"डोकं सांभाळा," मशीनबाई म्हणाली.

"बाई, पारख्याला सांगा, यंदा कमाल केली त्यानं." साहेब डोकं चोळत, पण खुशीत होते. "तेवीस नंबर. गोदीवाला, आणि शिफारस मधली! आम्ही कागद बघून हसलो होतो. म्हटलं, म्हातारा चळला. पण म्हटलं, एवढं लिहिलंय तर उभा करू दहा मिनिटं. बाई, पोरानं अख्खा सामना ताब्यात घेतला. शनिवारी यादी लागते, त्यात त्याचं नाव आहे असं समजा."

साहेब गेल्यावर तिनं तेविसावं पान उघडलं. आठची कळ. एकतीस वर्षांतली पहिली चूक. उद्या पारखी म्हणाला, मी असं बोललोच नाही, तर? कागद मागे घेतील. कागद चुकला म्हणजे पोरगा चुकला, असंच इथे चालतं. त्या मोठ्या कानांच्या पोराला परत विंगवर पिटाळतील, नाहीतर घरी. तिच्या एका भाजलेल्या बोटापायी. गप्प बसावं तर पारखी कधीही बोलून जाईल. त्यापेक्षा आपणच आधी सांगून त्याच्या पाया पडावं, पोरासाठी म्हणून शब्द टाकावा, असं तिनं ठरवलं.

गुरुवारी सकाळी पारखी चहाला आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, वाकून वाकून इतका वाकलेला की दार त्याला लागतच नसे.

"काका, माझ्या हातून चूक झालीय," ती म्हणाली. "तेवीस नंबर. तुम्ही विंग म्हणाला असणार. माझ्या हातून मधे पडलं."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "चूक कसली? मी मधेच म्हटलं होतं."

"नाही हो काका."

"नाही काय? माझं बोलणं मला आठवत नाही? लाव बघू."

तिनं आवाज लावला. वय, वजन, उंची. मग, जिथून ती चहाकडे वळायची तिथून पुढे, म्हाताऱ्याचा दमेकरी आवाज: *हा तसा फार पळणारा नाही. पण थांबतो कधी ते बघा. सगळे पळतात तेव्हा हा थांबतो आणि बघतो. मधे घ्या याला.*

मशीनबाईनं पट्टीवरचा पाय काढला. पारखी चहा फुंकत म्हणाला, "खरं सांगू पोरी, मलाच नवल वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी म्हटलं आणि त्यांनी ऐकलं."

"म्हणजे याआधीही म्हणाला होतात?"

"म्हणालो की. फार नाही. मीही काही धुतल्या तांदळाचा नाही, काळं पोर दिसलं की आधी पायाकडेच बघतो. दहातल्या सात वेळा तेच बोलून मोकळा होतो. पण एखाद्या वेळी पोर असं खेळतं की बघावंच लागतं. तेव्हा म्हणतो. आणि दरवेळी बघतो तर पोर विंगवर. मला वाटायचं, साहेबलोक खोडतात."

"विचारलं का नाही कधी?"

"काय विचारायचं? गोदीवाला मधे कुणालाच नको असतो हे मला माहीत नाही?" त्यानं कप खाली ठेवला. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मात्र वाईट वाटलं होतं. त्याचंही मी मधेच लिहिलं होतं. त्याला सांगणार होतो, पण तो तर रस्ताच ओलांडतो."

पारखी गेल्यावर तिनं या मोसमातल्या सगळ्या गोदीवाल्या पोरांचे आवाज काढले. अकरा होते. पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत ऐकत बसली. सात जणांबद्दल म्हातारा तेच बोलला होता, पायांचं. तेवीस नंबर धरून चौघांबद्दल वेगळं. एकाबद्दल तर तो दोन मिनिटं बोलला होता, आवाजात इतका आनंद की मशीनबाईला तो त्याचा आवाज आहे हेच खरं वाटेना. ती दोन मिनिटं तिनं चहात घालवली होती आणि सात दाबला होता.

मग ती उठली आणि मागच्या कपाटाकडे गेली. जायला नको, असं मन सांगत होतं. पण पाय गेले.

एकतीस वर्षांपूर्वीची फाइल. नवऱ्याचा फोटो, कोवळा, गालफडं बसलेली. खाली तिनं जुन्या यंत्रावर ठोकलेलं पान: *वेग उत्तम. शरीर काटक. दमसास भरपूर.* तळाला तिची वळणदार सही. पानामागे गंजलेल्या टाचणीनं टोचलेली पारख्याची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली. तीनच ओळी होत्या.

*पाय साधे. वेग बरा.*
*पण बॉल यायच्या आधी याला कळतं तो कुठे येणार.*
*मधे खेळवून बघावा.*

तिला सगळं आठवलं. आधीची टायपिस्ट सोडून जाताना एक नमुन्याचं पान देऊन गेली होती. "गोदीवाल्यांचं साधारण असं असतं, बघून करत जा." तिनं बघून केलं. चिठ्ठी वाचली तरी होती का? वाचली असेल. पेन्सिल पुसट होती, नमुना स्वच्छ होता. आणि हे पान यंत्रावर चढलेलं असताना तो माणूस फोटो घेऊन दारात उभा होता, कपाळ चोळत, आणि त्यानं तोंडानं सांगितलं होतं. मधे. ती विनोद करून हसली होती, आणि मान खाली घालून तिनं टाइप केलं होतं, विंगवर उपयोगी.

तिला लाज वाटली. अशी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शाळेतल्या मुख्याध्यापकांवर ओरडली होती ती. आईशी भांडली होती. सगळ्या जगात खोट शोधत फिरली आणि ती तिच्याच दहा बोटांत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

चिठ्ठी परत टोचून ठेवता आली असती. कुणाला कळणार होतं? नवऱ्याचा राग पारख्याच्या दारात तीस वर्षं मुक्काम करून होता, त्याला उठवून आपल्या घरी आणायचा कशाला? म्हातारा आज आहे, उद्या नाही. टाचणी तिनं हातातही घेतली. पण मग तो रस्ता ओलांडतानाचा तिला दिसला, एक हात मांडीवर दाबून, गाड्यांमधून. निष्पाप माणसाला चुकवण्यासाठी. तिनं टाचणी टेबलावर ठेवली आणि दोन्ही कागद पिशवीत घातले.

दुपारी ती दुकानात गेली. नवरा स्टुलावर बसून किल्ली घासत होता, गुडघ्यांना पट्टे बांधलेले. ती या वेळी कधी येत नसे.

"काय गं?"

"काही नाही. सहज. ऊन किती आहे ना."

"ऊन रोजच असतं."

"लेकीचा फोन आला होता का?"

त्यानं कानस खाली ठेवली. "ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस? बोल."

तिनं आधी चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. पेन्सिल आता अगदीच पुसटली होती.

"तू वाच," तो म्हणाला.

तिनं वाचलं.

"पुन्हा."

तिनं पुन्हा वाचलं. तो भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघत होता.

"म्हाताऱ्यानं लिहिलंय हे?"

"हो."

"मग विंग कुणी लिहिलं?"

तिनं दुसरा कागद ठेवला. तळाची सही तो ओळखत होता. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर, विजेच्या अर्जांवर, सगळीकडे तीच होती. एक गिऱ्हाईक आलं, कुलूप दाखवायला लागलं, आणि त्याचा चेहरा बघून, नंतर येतो म्हणून गेलं.

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "दारात."

"हो."

"आणि तू म्हणालीस, मधे सगळ्यांनाच हवं असतं."

"हो."

"तीस वर्षं सांगतेस ती गोष्ट. लोक हसतात."

"तुम्हीही हसायचात."

"मग काय करायचं होतं?"

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळत होतं की हे शब्द फार लहान आहेत. "मुद्दाम नव्हतं हो. मी विचारच केला नाही."

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "निदान माझा विचार तरी केलास असं झालं असतं." मग थोड्या वेळानं, तिच्याशी नाही, किल्लीशी बोलल्यासारखं: "नऊ वर्षं पळालो. एकदा थांबून बघायचं होतं."

ती रडली. तो रडला नाही, आणि त्यानं तिला गप्पही केलं नाही. ती उठायला लागली तेव्हा म्हणाला, "चिठ्ठी परत न्यायची?"

"फाइलीतली आहे."

"मग मला टाइप करून दे. जशी आहे तशी."

शुक्रवारी सकाळी ती साहेबांकडे गेली आणि उरलेल्या तिघांची नावं त्यांच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं, कळांसकट. साहेब आधी पांढरे पडले, मग लाल. "इतकी वर्षं, बाई?"

"इतकी वर्षं."

"आम्ही तुमच्या कागदावर विश्वास ठेवला!"

"ठेवलात. सातची कळ दाबली तेव्हा दरवेळी ठेवलात," मशीनबाई म्हणाली. "आठची एकदाच चुकून दाबली, तर म्हातारा चळला म्हणून हसलात. माझी चूक मी माथ्यावर घेते, साहेब. हसण्याची तुमची तुम्ही घ्या."

असं ती कुणाशी कधी बोलली नव्हती. साहेबांनी हे बाहेर बोलू नका एवढं मात्र तीनदा सांगितलं. तिघांपैकी एक पोरगा दुसऱ्या क्लबात विंगवर लागून गेला होता. दोघांना दुपारी बोलावून मधे उभं केलं. त्यातल्या एकाचा खेळ डोळे दिपवणारा होता. दुसऱ्याला काही जमलं नाही. पारखीही माणूसच, तोही चुकतो. पण निदान ते मैदानावर बघायला तरी मिळालं.

घरी दोन दिवस नवरा कामापुरतं बोलत होता. मीठ दे, दार लाव. मशीनबाईनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. तेवढी अक्कल आता आली होती.

शनिवारी, यादी लागायच्या तासभर आधी, दारात पावलं वाजली. एक पाय टेकत, एक ओढत. नवरा सोळा वर्षांत क्लबात आला नव्हता. तो चौकटीपाशी थांबला, खाली वाकला, आणि डोकं न आपटता आत आला.

"झालं का?"

"आता करते."

तो तिच्या पाठीशी उभा राहिला, उतरत्या छताखाली मान वाकवून. बस म्हटलं तरी बसला नाही. तिनं चिठ्ठी समोर उभी केली. सातची आणि आठची युक्ती तिनं काल पुसून टाकली होती, त्यामुळे आकडे आता नुसते आकडे होते. ती एकेक अक्षर बघून दाबू लागली. एक शब्द, मग चिठ्ठीकडे नजर, मग पुढचा शब्द. *बरा* हा शब्द तिनं तीनदा तपासला, कारण बोटं आपोआप *उत्तम*कडे जात होती. तीन ओळी. मशीनबाईला त्याला वीस मिनिटं लागली.

पान निघालं. तळाशी सही करायला तिनं पेन उचललं आणि त्याच्याकडे बघितलं.

"कर," तो म्हणाला.

तिनं सही केली. त्यानं पान घेतलं, चिठ्ठी शेजारी धरली आणि दोन्हीवरून बोट फिरवत ताडून पाहिलं, किल्ली ताडून बघतो तसं. मग घडी घालून खिशात ठेवलं.

"म्हातारा कुठे बसतो?" त्यानं विचारलं.

"तिकडे, खिडकीसमोर. बाकावर."

तो गेला. मशीनबाई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली. जवळच, रेषेच्या अलीकडे, बाकाखाली पारख्याचे जुने बूट दिसत होते, टोकं आत वळलेली. डावीकडून नवऱ्याचे पाय आले, हळूहळू, एक टेकत, एक ओढत. बाकापाशी थांबले. वर काय बोलणं झालं ते तिला दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. मग पारख्याचे बूट थोडे सरकले, बाकावर जागा करून द्यावी तसे, आणि नवऱ्याचे पाय त्यांच्याशेजारी टेकले.

मैदानावर चाचणीची पोरं सरावाला उतरली होती. इकडून तिकडे पाय पळत होते, काळे, उजळ, मातीनं भरलेले. त्या सगळ्यांच्या मधे दोन पाय मात्र थांबले होते. तेवीस नंबरचे असावेत. बाकाखालचे चार पायही तिकडेच वळले.

मशीनबाईनं कानाला आवाज लावला, पट्टी दाबली आणि पुढच्या पोराबद्दलचं बोलणं सुरुवातीपासून ऐकायला घेतलं. फोटो तिनं पालथा घालून ठेवला होता.